जत्रेत जिवंत मधमाश्या आणि मुंग्या दाखवायच्यात? आधी दुपारची सावली बघा

मधमाश्यांची चौकट दोन काचांमध्ये ठेवून दाखवायची काचपेटी डंखामुळे फसत नाही, उकाड्यामुळे फसते. सकाळी दहाला सावलीत असलेलं टेबल दुपारी दोनला उन्हात येतं, आणि नेमकं तेव्हाच गर्दीमुळे ते हलवता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी दुपारीच मैदानावर जाऊन जागा धरा. तापलेल्या पत्र्याखालच्या सावलीला सावली समजू नका.

पिलाव्याजवळ, म्हणजे अंडी-अळ्या वाढतात तिथे, माश्या 34–35 अंश तापमान राखतात. एरवी त्या पाणी आणून पेटी गार करतात. कोंडल्यावर ते जमत नाही, मग नुसते पंख हलवत राहतात आणि त्या मेहनतीने आणखी उष्णता वाढते. मेण वितळतं 60 अंशांच्या पुढे, पण चाळिशीतच ते एवढं मऊ पडतं की मधाने जड झालेलं पोळं खाली बसतं. सांडलेल्या मधात माश्या लडबडल्या की खेळ संपला.

आवाज चढला, माश्या हवेच्या जाळीपाशी गोळा झाल्या, काचेला आतून ओल धरली, की लोकांना सरळ थांबवा. पेटी गार जागी न्या आणि जाळीवर पाण्याचा बारीक फवारा मारा. ओलं कापड काचेवर टाका, जाळीवर नाही. घाबरून पेटी मात्र उघडू नका. वेळीच लक्षात आलं तर माश्या लवकर सावरतात.

हवेसाठी ड्रिलने चार भोकं पाडली की झालं, असं सांगणारे गुरू पुष्कळ भेटतील. दुपारी तीनला त्यांच्या पेटीत डोकवा. 2–3 मिमी छिद्रांची जाळी वर आणि खाली, चौकटीच्या (पोळं धरणाऱ्या लाकडी फ्रेमच्या) पूर्ण लांबीभर हवी.

मेलिफेराच्या (पेटीत पाळतात त्या युरोपीय मधमाशीच्या) एका चौकटीसाठी दोन काचांत साधारण 45–48 मिमी अंतर ठेवा. कमी पडलं तर माश्या चिरडतात. पोळं जुनं, काळपट, तार ओढलेलं निवडा. बंद पिलावा जास्त, मध थोडा. ताजा मकरंद प्रवासात ठिबकतो. ‘भरगच्च दिसू दे’ म्हणून वरून आणखी माश्या झटकू नका.

माश्या नाचून एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात, पण तो नाच दाखवायचं कबूल करू नका. कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल मिळालं, त्यात या नाचाच्या अभ्यासाचा मोठा वाटा, त्यामुळे लोक विचारणारच. पण बंद पेटीतली माशी चरायला गेलेलीच नसते, मग ती पत्ता कसला सांगणार?

मुंग्यांसाठी मोठे काळे मुंगळे बरे, लांबूनही दिसतात. डबा हवाबंद नको. बिथरलेले मुंगळे फॉर्मिक आम्ल फवारतात आणि कोंडलेल्या हवेत त्याच वाफेने मरतात. कडेला आतून टाल्कम पावडर अल्कोहोलमध्ये कालवून बोटभर पट्टा ओढा. दमट हवेत तो निकामी होतो, म्हणून वर बारीक जाळी हवीच. प्लास्टरच्या घरट्याचा एकच कोपरा ओला करा. मुंगळे अळ्या जबड्यात धरून तिकडे हलवायला लागतात, आणि पोरं तिथून हलत नाहीत.

दोन्ही टेबलं दूर ठेवा, मुंग्यांना मधाचा वास लगेच लागतो. मध चाखायला देणं तर पेटीशेजारी नकोच, बाहेरच्या माश्या जाळीवर तुटून पडतात.

डंख झालाच तर काटा लगेच काढा, नखाने की चिमट्याने यात वेळ घालवू नका. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर थेट रुग्णालय. संध्याकाळी चौकट मूळ वसाहतीत परत द्या, उद्यासाठी दुसरी घ्या.