घरच्या घरी फ्रेंच मॅनिक्युअर: पांढरी कोर आधी, गुलाबी थर नंतर

मी बँकेत कॅश काउंटरला बसते. समोरच्या माणसाची नजर माझ्या चेहऱ्यापेक्षा नोटा मोजणाऱ्या बोटांवरच जास्त असते, त्यामुळे नखं नीटनेटकी हवीत असं मला मनापासून वाटतं. गडद लाल नेलपेंटचा दुसऱ्या दिवशी टवका उडाला की लांबूनही दिसतो. फ्रेंच मॅनिक्युअरचं, म्हणजे फिकट गुलाबी नख आणि टोकाला पांढरी कोर, तसं होत नाही. शिवाय साडी कुठलीही नेसा, ते जुळतं. मुळात ते निघालंच त्यासाठी. नाव फ्रेंच असलं तरी गोष्ट अमेरिकेतली आहे. हॉलिवूडच्या नट्यांना दिवसातून अनेकदा कपडे बदलावे लागत आणि दर वेळी नखं रंगवायला वेळ नसे. म्हणून १९७५ च्या सुमारास ऑर्ली या नेलपेंटच्या कंपनीच्या जेफ पिंक यांनी सगळ्या कपड्यांवर चालेल असा हा रंग काढला. नणंदेच्या साखरपुड्याला मी सकाळी हिरवी काठापदराची आणि संध्याकाळी अबोली नेसले, दोन्हींवर तीच नखं शोभली.

पार्लरमध्ये आधी कोमट पाण्यात बोटं बुडवून ठेवतात. घरी मी ते करत नाही. नख पाणी पितं आणि फुगतं. त्यावर लगेच रंग लावला तर नख सुकून आकसतं आणि रंग सुटायला लागतो. आंघोळ झाली की नखाच्या मुळाशी खोबरेल तेल चोळायचं आणि मऊ पडलेली कातडी टॉवेलच्या टोकानं हलकेच मागे सारायची. कापायची अजिबात नाही. मी एकदा कापली आणि नखुरडं झालं. आठवडाभर ठणकत होतं, साधी भाकरी थापता येईना.

रंगाचं काम मी दुपारी काढते, नखं पूर्ण कोरडी झाल्यावर. सगळी नखं एका मापाची कापून फायलरनं एकाच दिशेनं घासायची. करवतीसारखं पुढे-मागे केलं की टोकाला पापुद्रे सुटतात. मग कापसावर नेलपेंट रिमूव्हर घेऊन प्रत्येक नख पुसून घ्या, त्यावर रंग असो वा नसो. सकाळचं तेल तिथे राहिलं तर वरचं काहीच टिकत नाही. रिमूव्हर चटकन पेट घेतो, तेव्हा हे स्वयंपाकघरात गॅसजवळ करू नका. खिडकीपाशी बसा.

बेस कोटचा, म्हणजे रंगाखालच्या पारदर्शक थराचा, एक हात द्या आणि तो वाळू द्या. आता पांढरी कोर. बहुतेक जणी आधी गुलाबी लावून वर पांढरं काढतात. मी उलट करते: पांढरं आधी, त्यावर पारदर्शक गुलाबी. रेघ जराशी थरथरली असली तरी गुलाबीखाली ती मऊ दिसते आणि पांढरं वरून चिकटवल्यासारखं वाटत नाही. आपल्या गव्हाळ, सावळ्या हातांवर व्हाइटनरसारखा पांढराफटक रंग डोळ्यात खुपतो. त्याऐवजी दुधी किंवा मोतिया घ्या, आणि वर पीचकडे झुकणारा गुलाबी.

ज्यांना कपाळावर चंद्रकोर काढता येते त्यांना ही कोरही जमेल, फक्त इथे ब्रश हलवायचा नसतो. कोपर टेबलावर टेकवा. ब्रश बाटलीच्या तोंडावर निपटून जवळजवळ कोरडा करा. तो नखाच्या डाव्या कडेला टेकवून तसाच धरा आणि खालचं बोट हळूच फिरवा, अंगठ्यावर बोट घोळवल्यासारखं. कोर आपोआप उमटते. जाडी मी दीड-दोन मिलिमीटरच ठेवते. आखूड नखावर रुंद पट्टा आला की नख तोकडं दिसतं. उजवा हात डाव्यानं रंगवायचा म्हणजे खरी परीक्षा. तिथे मी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे, कागदाच्या छिद्रांभोवती लावायचे गोल स्टिकर वापरते. रिंग अर्धी कापून नखावर दाबून बसवायची, टोक रंगवायचं आणि रंग ओलसर असतानाच रिंग ओढून काढायची. वाळल्यावर काढली तर कडेचा रंगही तिच्याबरोबर निघून येतो. बाहेर गेलेलं पांढरं पुसायला जुना, चपटा आयलायनर ब्रश रिमूव्हरमध्ये बुडवून घ्या. कापसाचे धागे रंगाला चिकटतात.

पांढरं वाळलं की गुलाबीचा एक पातळ हात, मग टॉप कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर. टॉप कोट नखाच्या टोकाच्या कडेवरून खालपर्यंत उतरवा, कारण टवके तिथूनच उडतात. बाटली खळखळ हलवू नका, बुडबुडे होतात. दोन्ही तळव्यांत घोळवा.

आणि वाळायला वेळ द्या. दहा मिनिटांत हाताला कोरडं लागतं, पण आतून ते मऊच असतं. एकदा मी रात्री अकराला संपवून झोपले. सकाळी दहाही नखांवर गोधडीचे टाके उमटलेले, अगदी मोजता येतील असे. तेव्हापासून दुपारी तीनला बसते, आणि रात्रीची भांडी त्या दिवशी दुसरं कुणीतरी घासतं.

आपल्या घरात या नखांचा मोठा शत्रू म्हणजे हळद. फोडणीचा हात लागला की पांढरी कोर पिवळी पडते आणि साबण लावला तर ती लालसर होते, हळदकुंकवासारखी. त्यामुळे कणकेत मोहन-हळद घालायची असेल, भाजीला मसाला चोळायचा असेल, तर मी हातमोजे घालते. दर तिसऱ्या दिवशी टॉप कोटचा एक पातळ हात देते. एवढं केलं की माझं फ्रेंच सोमवारपासून रविवारपर्यंत टिकतं, रोज नोटा मोजूनसुद्धा.