केशराचं खत फुलाला नव्हे, कंदाला

बेळगावच्या पश्चिमेला आमचं रान बटाट्या-रताळ्याचं. अशा माणसानं माडीवरच्या खोलीत केशर लावलं म्हटल्यावर लोक बघायला येतातच, आणि जिना उतरताना सगळ्यांचा प्रश्न एकच: शेणखत की सरकारी? रासायनिक खताला आमच्याकडचे कानडी गडी अजून 'सरकारी गोब्बर'च म्हणतात.

आधी एवढं पक्कं करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्रेमध्ये फूल उमलतं तेव्हा कंदाखाली माती नसते, पाणीही नसतं. कंदानं गेल्या हिवाळ्यात जे साठवलं, त्यावरच ते फूल येतं. त्यामुळं आज घातलेलं खत यंदाच्या फुलाला लागतच नाही, ते पुढच्या वर्षीच्या कंदात जातं. खताचा हंगाम म्हणजे फुलं खुडून कंद मातीत लावल्यापासून पात पिवळी पडेपर्यंत, साधारण मार्चपर्यंत.

मी तांबडी माती दोन घमेली, वाळू एक आणि शेणखत एक असं मिसळतो. काळी माती पाणी धरते, कंद कुजतो. आपली तांबडी बहुधा आंबट निघते. तपासून घ्या, तशी निघाली तर थोडा चुना मिसळा.

आता शेणखत. पहिल्या वर्षी मी उकिरड्याच्या वरच्या थरातलं अर्धकच्चं उचललं. जानेवारीत पात लोळायला लागली. एक कंद उपटला तर बुडाला पांढरी बुरशी, आणि बोटानं दाबला तसा आतनं पचकन पाणी. तीन क्रेट गेले. बायको म्हणाली, "अहो, रताळ्यालासुद्धा असलं खत घालत नाही तुम्ही!" खरंच होतं. तेव्हापासून ओंजळभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस ठेवतो. उघडल्यावर नाकाला झोंबलं किंवा हाताला कोमट लागलं तर ते अजून कच्चंच. पावसाळ्यातल्या मातीसारखा वास आला तरच वापरा. गांडूळखत असेल तर उत्तमच.

रासायनिकचं मला वावडं नाही, पण युरिया नको. शेजारच्या एका पोरानं हौसेनं टाकला. पात फूटभर, हिरवीगार, फोटोला छान. एप्रिलमध्ये उकरलं तर लसणाच्या पाकळीएवढे कंद. नत्र जास्त झालं की सगळी ताकद पातीत जाते, कूजही लवकर लागते. मी डिसेंबरात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) एका लिटर पाण्याला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा देतो. जानेवारीच्या मध्यापासून ०:५२:३४ तेवढंच, म्हणजे स्फुरद-पालाश कंद पोसायला. पातीची टोकं पिवळी झाली की खत बंद, मग पाणीही हळूहळू तोडायचं.

राहिला दर्जाचा प्रश्न. केशराचा रंग क्रोसिनचा, कडवटपणा पिक्रोक्रोसिनचा आणि वास सॅफ्रानलचा. यातलं सॅफ्रानल ताज्या तंतूत जवळपास नसतंच. तंतू वाळताना पिक्रोक्रोसिनपासून ते तयार होतं. म्हणून "सेंद्रिय केशराला वास जास्त" असं कुणी छातीठोक सांगितलं की मी आधी विचारतो, वाळवलं कसं? सकाळी फूल पूर्ण उमलायच्या आत खुडलं, त्याच दिवशी मंद उष्णतेवर वाळवलं, हवाबंद बाटलीत अंधारात ठेवलं, तर वास येतो. खतानं कंद मोठा होतो, फुलं वाढतात. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, तेव्हा तेही थोडं नाही. पण वाळवण बिघडली तर कुठलंच खत ते सावरत नाही.

एप्रिल-मेमध्ये कंद काढले की सोनाराकडं असतो तसला छोटा काटा घेऊन बसा. दहा ग्रॅमच्या वरचे ट्रेसाठी वेगळे काढा. आठच्या आतल्यांकडून फुलाची आशा धरू नका. ते मी सप्टेंबर-ऑक्टोबरात थेट मातीत लावतो आणि आणखी एक हिवाळा पोसतो.