लॅपटॉपची वायफाय अँटेना वायर तुटली? या चुका टाळा

राउटरशेजारी बसलं की वायफाय मस्त चालतं, बाजूच्या खोलीत गेलं की रेंज गायब. अशा वेळी बहुतेक जण ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, काही तर विंडोजच नव्याने टाकतात. त्याआधी स्क्रीन हळूहळू पुढे-मागे करून सिग्नल बघा. स्क्रीनच्या कोनाबरोबर तो वरखाली होत असेल, तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. वायफाय कार्ड असतं कीबोर्डखाली, अँटेना बहुधा स्क्रीनच्या वरच्या कडेला, आणि मधली वायर बिजागरीतून जाते. ती तुटते तिथेच. लॅपटॉप नुकताच रॅम किंवा एसएसडीसाठी उघडला असेल, तर मात्र कनेक्टर नुसता निसटलेलाही असू शकतो.

उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग बाकीचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तुटलेली टोकं पिळून वर चिकटपट्टी लावणं. ही वायर जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, पण आहे कोअ‍ॅक्स: मध्ये तार, तिच्याभोवती इन्सुलेशन, त्यावर जाळी, वर आवरण. तार जाळीला टेकली की शॉर्ट. दोन्ही वेगवेगळं नीट जोडलं तरी ५० ओहमचा मेळ (इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला वायरचा होणारा विरोध) सांध्यापाशी बिघडतो, आणि त्याचा फटका वायफायच्या ५ गिगाहर्ट्‌झला जास्त बसतो. सोल्डरने काम निभावतं, पण बिजागरीतला सांधा टिकत नाही. माझं मत विचाराल तर सांधू नका, अँटेनासकट वायर बदला. स्क्रीनची चौकट उघडायचा कंटाळा असेल, तर चिकटवायची अँटेना आतून प्लास्टिकच्या भागाला लावा. धातूच्या बॉडीत तिचा उपयोग नाही.

मल्टिमीटर इथे चांगलाच फसवतो. तार आणि जाळी यांच्यात बीप आला की लोक वायर शॉर्ट ठरवून मोकळे होतात. लॅपटॉपच्या बऱ्याच अँटेनांमध्ये ही दोन्ही टोकं मुळातच जोडलेली असतात, त्यामुळे तो बीप धडधाकट वायरवरही येतो. तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा.

नवी वायर घेताना कनेक्टर बघा. जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डांवर यू.एफ.एल. असतो, आताच्या एम.२ कार्डांवर बहुधा त्याहून लहान एमएचएफ-४. एकावर दुसरा दाबून बसवायला गेलात तर कार्डावरचं सॉकेट उखडतं. सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाताना तुटका तुकडा बरोबर न्या. कनेक्टर काढताना वायर ओढू नका, सरळ वर उचला. उगाच काढघालही नको: यू.एफ.एल.ची हमी फक्त ३० वेळांची असते.

कार्डाला बहुधा अशा दोन वायर असतात. एकाच वायरवर वायफाय चालतं म्हणून तुटलेली दुसरी तशीच सोडू नका. वेग घटतो, ब्लूटूथ त्याच वायरवर असेल तर माउस अडखळतो, आणि मोकळं धातूचं टोक मदरबोर्डला लागू शकतं.

बिजागरीपाशी वायरला थोडी ढील ठेवा, जुन्याच खाचांतून ती फिरवा, आणि स्क्रू आवळण्याआधी झाकण पूर्ण उघड-बंद करून बघा.