एएफपीचा आकडा बघून घाबरायच्या आधी: लिव्हर कॅन्सरचे रिपोर्ट कसे वाचायचे

मामांना लिव्हरचा कॅन्सर आहे, त्यात रक्तातला एएफपी (अल्फा फीटोप्रोटीन) तपासतात, तो सोलापूरच्या लॅबमध्ये ३०० आला होता आन महिन्याभरानं पुण्यात केला तर ३६३, झालं, हुतात्मा एक्स्प्रेसनं परत येताना मामी कुर्डुवाडीपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा कळलं की इथला आकडा आययूमध्ये (इंटरनॅशनल युनिट) होता आन तिथला नॅनोग्रॅममध्ये! १ आययू म्हणजे साधारण १.२१ नॅनोग्रॅम, करा गुणाकार, काहीच वाढलं नव्हतं ओ.

म्हणून आधी एक वही घ्या, तारीख, लॅब, आकडा, युनिट आणि तेव्हा कुठली ट्रीटमेंट चालू होती असे रकाने पाडा, आणि शक्यतो लॅब बदलू नका.

एएफपी हे पोटातल्या बाळाचं लिव्हर बनवतं ते प्रोटीन, जन्मानंतर ते कमी होतं आणि कॅन्सरच्या पेशी पुन्हा बनवायला लागतात. पण सगळ्याच नाही, बऱ्याच पेशंटचा एएफपी नॉर्मलच असतो, त्यामुळं नॉर्मल आला म्हणून सोनोग्राफी, सीटी टाळू नका. उलट हिपॅटायटिस भडकला तरी तो वाढतो. ४०० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर आजार जरा आक्रमक धरतात, पण एका आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेला चाललाय ते बघा. ऑपरेशननं गाठ पूर्ण निघाली असेल तर साधारण ५ ते ७ दिवसांनी निम्मा, परत निम्मा असा उतरतो. उतरून परत चढायला लागला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, फोन करा.

पिव्का म्हणून दुसरी टेस्ट असते, ते रक्त गोठवणारं प्रोटीन अर्धवट बनलेलं. जास्त असेल तर गाठ रक्तवाहिनीत शिरलीय का हे डॉक्टर नीट बघतात. पेशंट वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर आधीच सांगा, त्यानंही हा आकडा फुगतो.

आता खरी गोष्ट, जिच्याकडं कुणी बघतच नाही, अल्ब्युमिन, म्हणजे लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रोटीन. ते, बिलिरुबिन (काविळीचा आकडा), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), पोटातलं पाणी आणि पेशंटची शुद्ध, या पाचांचे मार्क मिळून चाइल्ड-प्यू, म्हणजे लिव्हर किती काम करतंय त्याचा स्कोअर, होतं: ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ बी, त्यावर सी. गाठ तेवढीच असली तरी ए वाल्याला जी ट्रीटमेंट झेपते ती सी वाल्याला झेपत नाही. मामांचं अल्ब्युमिन २.९ होतं (३.५ च्या वर पाहिजे) आणि वर कुणीतरी सांगितलं म्हणून मामीनं डाळ, अंडी, शेंगाची चटणी सगळं बंद केलेलं! डाएटिशियन बाईंनी चांगलं झापलं, प्रोटीन तोडायचं नसतं, कमी करायचं ते मीठ.

डॉक्टरांना विचारताना "किती दिवस आहेत" असं पेशंटसमोर नका विचारू, "चाइल्ड-प्यू किती, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं" असं विचारा, वही पुढं केली की तेही नीट सांगतात. आमची पुढची टेस्ट सोमवारी आहे, रक्त सोलापुरातच देणार, त्याच लॅबला, आन मामीनं वहीत रकाना आत्ताच आखून ठेवलाय.