पाझर तलावाचा बांध फुटू नये म्हणून या चुका टाळा

१९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीतून, पाणी जमिनीत मुरावं म्हणून बांधलेले पाझर तलाव आजही अनेक गावांच्या वरच्या अंगाला आहेत. अतिवृष्टीत ओढ्याचा पहिला लोंढा तेच झेलतात. पाझर तलावाला बहुधा पाणी सोडायची मोरी नसते. सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची मोकळी जागा, हीच एक वाट. ती तुंबली की पाणी बांधाच्या माथ्यावरून उलटतं आणि मातीचा बांध कापला जातो.

म्हणून सर्वांत घातक चूक सांडव्यावर होते. जास्त साठा व्हावा म्हणून तिथे वाळूची पोती रचतात, मासे अडवायला जाळी बांधतात. दोन फूट पोती रचली की पुराला मिळणारी मोकळी उंची तेवढीच घटते. जाळीत पाला-पाचट अडकून उरलेली वाटही बंद होते. मे महिन्यातच सांडव्यातला गाळ आणि बाभळी काढा. सांडवा भरून वाहत असतानाही माथा पाण्याच्या वर साधारण एक मीटर हवा. डोळ्यांना माथा सपाट वाटतो, पण ट्रॅक्टरच्या चाकोरीने मध्येच बसलेला असतो. पाण्याने भरलेल्या लेव्हल ट्यूबने दर १० मीटरवर उंची तपासा.

गळतीचं तसं नाही. बांधाच्या खालच्या अंगाला पायथ्याशी असलेल्या चरातून निवळ पाणी येणं चांगलंच. शंका आली तर ते काचेच्या बाटलीत भरून तासभर हलवू नका. तळाला माती बसली, तर बांध आतून पोखरला जातोय. रोज त्याच जागी बादली किती सेकंदांत भरते ते तलावाच्या पातळीसोबत लिहून ठेवा. पातळी तीच आणि बादली लवकर भरू लागली, तर गळती वाढली.

इथे हमखास चूक होते: खालच्या अंगाने भोकात काळी माती ठोकतात. आत दाब वाढतो आणि पाणी शेजारून दुप्पट जोराने फुटतं. अडवायची ती माती, पाणी नव्हे. भोकावर जाड वाळूचा १५ ते २० सेंमी थर द्या, त्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, वर दगड. एवढं करूनही गढूळ पाणी वाढत असेल तर खालची वस्ती आधी हलवा आणि त्याच वेळी तहसीलला कळवा. २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलेल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिवरे धरणाच्या गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या.

घुशी-खेकड्यांची बिळं वरून माती लोटून बुजत नाहीत. तलाव आटल्यावर बीळ शेवटपर्यंत खणा, कडा पायऱ्यांसारख्या कापा आणि १५ सेंमीच्या थरांनी दाबत भरा. माती मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा, हात चिकट होऊ नये. काळी माती उघडी ठेवू नका, उन्हाळ्यात भेगाळते. वर मुरूम द्या. बांधावर गवतच हवं. मोठं झाड नुसतं तोडलं तर मुळं कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते. ते मुळासकट काढून खड्डा याच पद्धतीने भरा.