लॅक्टेटचा आकडा मशीनपेक्षा हातात बिघडतो

लॅक्टेट म्हणजे पेशींनी साखर फोडली की बनणारा पदार्थ; गंभीर आजारात तो रक्तात वाढतो. कॅज्युअल्टीत नव्याने ड्यूटी लागलेल्यांना तो मोजणारा लॅक्टेट मीटर म्हणजे ग्लुकोमीटरचा धाकटा भाऊ वाटतो. दिसतोही तसाच. स्ट्रिप खोचा, थेंब टेकवा, दहा-पंधरा सेकंदांत आकडा हजर. त्यामुळे शिकायचं काय त्यात, असं वाटून जातं. शिकायचं ते नमुना घेण्याबद्दल.

स्ट्रिपवर लॅक्टेट ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं आणि तिला रक्त लागतं एक मायक्रोलिटरहूनही कमी. एवढ्याशा थेंबात बोटावरचा घाम मिसळला तरी आकडा फुगतो, कारण घामात लॅक्टेट रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं. बोट धुऊन कोरडं करा, स्पिरिट लावलंत तर ते पूर्ण उडू द्या. लॅन्सेट टोचल्यावर पहिला थेंब कोरड्या गॉजने पुसून टाका आणि दुसरा थेंब आपसूक वर येऊ द्या. बोट पिळलंत की रक्ताबरोबर पेशींभोवतीचं पाणीही येतं. आणि हात गार पडलेला असेल, बीपी खाली असेल, तर बोटाच्या नादी लागूच नका. तिथलं रक्त तिथलीच गोष्ट सांगतं. सरळ शिरेतून नमुना घ्या.

शिरेतून घेताना घोळ होतो तो टूर्निकेटने, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याने. शीर सापडत नाही, म्हणून पट्टा तसाच ठेवून ‘मूठ उघडा, बंद करा’ म्हणायची सवय असते. काम करणारा स्नायू लॅक्टेट सोडतो आणि ते तुमच्याच सिरिंजमध्ये येतं. शोधण्यात वेळ गेला तर पट्टा सोडा, थोडं थांबा, पुन्हा बांधा. दुसरं म्हणजे ड्रिप. रिंगर लॅक्टेट या ड्रिपच्या द्रवात लॅक्टेट साधारण २८ मिलिमोल प्रति लिटर असतं, म्हणून ड्रिप चालू असलेल्या हातातून नमुना घ्यायचा नाही. दुसरा हात वापरा. सिरिंजमध्ये हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जास्त राहिलं तर उलटा प्रकार होतो: नमुना पातळ होऊन आकडा खोटा कमी येतो.

धमनीतूनच रक्त हवं, हा हट्ट सुरुवातीला नको. शिरेतलं लॅक्टेट नॉर्मल आलं तर धमनीतलंही बहुधा नॉर्मलच असतं. वाढलेलं आलं आणि रुग्णाच्या अवस्थेशी जुळेना, तर मग धमनीतून पडताळून पाहा.

नमुना घेतला की घड्याळ सुरू झालं समजा. लाल पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे भाग, नसतात. त्या साखर फोडून लॅक्टेटच बनवतात आणि हे काम ट्यूबमध्येही चालूच राहतं. साध्या तापमानाला ठेवलेला नमुना १५ मिनिटांच्या आत मशीनवर लावा. प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर साखर फोडणं रोखणाऱ्या फ्लोराइडची राखाडी झाकणाची ट्यूब वापरा आणि शक्यतो बर्फात ठेवून पाठवा.

आता वाचायचं कसं. २ मिलिमोलपर्यंत नॉर्मल धरतात. रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर ९ ने भागा. १८ आणि २ एकच, हे विसरून घाबरलेले लोक असतात. संसर्गाचा संशय आहे आणि आकडा ४ किंवा वर आहे, तर बीपी बरं दिसलं तरी रुग्ण गंभीर आहे. अशा वेळी पहिल्या ३ तासांत किलोमागे ३० मिलिलिटर सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट देण्याची शिफारस आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १,८०० मिलिलिटर. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर मध्ये मध्ये थांबून छाती ऐका. २ च्या आतला आकडा मात्र सेप्सिसला (संसर्गाने अवयव बिघडू लागण्याला) क्लीन चिट देत नाही. श्वास मिनिटाला २८ आहे, माणूस बरळतोय आणि लॅक्टेट १.६, तर विश्वास माणसावर ठेवा. आणि मशीन मोकळं होईपर्यंत कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) आणि अँटिबायोटिक थांबवून ठेवणं ही सगळ्यांत महाग पडणारी चूक.

उलट बाजूही आहे. सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन (दम्याच्या औषधाची वाफ), अ‍ॅड्रेनलिन, नुकतीच येऊन गेलेली फिट, मधुमेहाचं मेटफॉर्मिन, यकृताचा आजार: यांपैकी काहीही संसर्गाशिवाय आकडा वर नेऊ शकतं. फिटेनंतरचं लॅक्टेट साधारण एक-दोन तासांत उतरतं. उतरलं नाही तर दुसरं कारण शोधा. इथिलीन ग्लायकॉलच्या (गाडीच्या कूलंटमधल्या रसायनाच्या) विषबाधेत तर मशीनच फसतं. शरीरात त्याचं बनणारं ग्लायकोलेट स्ट्रिपवरच्या एन्झाइमला लॅक्टेटसारखंच वाटतं आणि आकडा भलताच चढतो.

एकट्या आकड्यापेक्षा दुसऱ्या आकड्याला किंमत जास्त. पहिला २ च्या वर असेल तर २ ते ४ तासांत पुन्हा करा. तेच मशीन, शक्यतो त्याच प्रकारचा नमुना. ५.२ वरून ४.१ म्हणजे घट १.१, भागिले ५.२, साधारण २१ टक्के. ही चांगली घट. घट होत नाही म्हणून आंधळेपणाने सलाइन ओतत राहू नका. बोटाचं टोक १० सेकंद दाबून सोडा. रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागतात का ते बघा. ही चाचणी फुकट आहे आणि लॅक्टेटपेक्षा लवकर बदलते.

मशीन बरोबर आकडा देतं का हे तपासायचे क्वालिटी कंट्रोलचे दोन्ही द्रव ठरलेल्या वेळी लावा, स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच बंद करा आणि उघडल्याची तारीख डबीवरच लिहा.

केसपेपरवर नुसतं ‘लॅक्टेट ३.८’ लिहिलं, तर पुढच्या ड्यूटीवाल्याला त्याचा काही उपयोग नाही. असं लिहा: ‘१४:१०, डावा हात, शिरेतून, ३.८. ड्रिप उजव्या हाताला. नेब्युलायझेशन १३:४० ला दिलं. पुन्हा १६:१० ला.’