कॅश काउंटरवर नव्याने उभं राहताना: काचेखालचा तराजू

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका भारतीय किराणा दुकानात मी कॅशवर असते. नव्या मुलामुलींना काउंटर शिकवायचं कामही माझ्याकडेच असतं. सगळ्यात आधी मी त्यांना सांगते की या काचेखाली दोन वेगळी यंत्रं आहेत. एक बारकोड वाचतं, दुसरं तोलतं.

वाचणाऱ्याची फार काळजी करू नका. लाल लेसरचा किरण आतल्या आरशांवरून आडव्या आणि उभ्या काचेतून अनेक दिशांनी बाहेर पडतो (नव्या यंत्रांत कॅमेरे असतात). पांढऱ्या जागेवरून उजेड परत येतो, काळ्या रेघांवरून जवळजवळ येत नाही. त्या चढउतारातून आकडे ओळखले जातात. शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो. हिशेब जुळला नाही तर बीप होत नाही. बारकोडच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागातल्या रेघांची रचना वेगळी असल्यामुळे पाकीट उलटं गेलं तरी चालतं. त्यामुळे पाकीट गरागरा फिरवत बसू नका. फ्रोझन मटारच्या पिशवीवरचं दव पुसा, सुरकुती ताणा आणि सरकवा.

खरं लक्ष हवं ते तोलण्याकडे. काच ज्या पत्र्यात बसवली आहे तोच तराजूचा पाट. त्याखाली लोड सेल, म्हणजे धातूचा एक ठोकळा असतो. वजन पडलं की तो डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचं वजन होतं. आमचा तराजू 0.01 पौंडाच्या, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. इतक्या नाजूक यंत्राला तुमच्या बाहीचा स्पर्शही कळतो.

म्हणून क्रम असा ठेवा. पाट रिकामा आणि आकडा 0.00 आहे ना, ते बघा. केळी ठेवा, हात काढा, 4011 (केळ्यांचा कोड) दाबा. आकडा स्थिर झाल्याशिवाय वजन बिलात जात नाही, तेव्हा घाई करून उपयोग नाही. 69 सेंट पौंड भाव असेल आणि वजन 2.30 पौंड भरलं, तर 1.59 डॉलर. डब्यातल्या मालाला डब्याचं वजन वजा झालंय का तेही बघा; गिऱ्हाईक प्लास्टिकचे पैसे का देईल?

शेवग्याच्या शेंगा आणि लांब दुधी इथे मात्र जपावं लागतं. शेंगा उभ्या काचेच्या चौकटीला टेकल्या की थोडा भार चौकट उचलते आणि वजन कमी दिसतं. (काही यंत्रांत पाट मागे वर वळलेला असतो, तिथे टेकलेलंही मोजलं जातं. तुमचा कोणता, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.) उलट, गिऱ्हाइकाची पर्स पाटाच्या कडेवर आली तर त्याला जास्त पैसे पडतात. दोन्ही चूकच, पण दुसरी मला अजिबात खपत नाही. चार डॉलरची मेथी घेणाऱ्या आजींनी आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो.

दुकानातच तोलून लेबल लावलेल्या पनीरचा बारकोड 2 ने सुरू होतो. किंमत त्यातच असते. ते फक्त स्कॅन करा, पुन्हा तोलू नका.

सकाळी पाट उचलून खालची कोथिंबिरीची पानं, तांदळाचे दाणे झटका. फटीत अडकलेला एक दाणासुद्धा पाट अडवू शकतो. पाट नीट बसवून शून्य तपासा. वजनमाप खात्याच्या सीलला हात लावायचा नाही. रिकाम्या पाटावर आकडा हलत राहिला तर लेन बंद करून मॅनेजरला बोलवा. अंदाजाने वजन टाकायचं नाही, रांग कितीही लांब असो.